उरलेला कोपरा

त्या कचेरीत शाळेचा नकाशा कसा जन्माला यायचा, हे कुणी सांगितलं तर खोटं वाटेल. आधी निघायचा दर्शनी भाग: खांब, कमान, कमानीवर संस्थेचं नाव. मग अध्यक्षांची केबिन. मग सभागृह. मग, आपण शाळा बांधतोय हे आठवलं की वर्ग. एवढं सगळं बसवून जमिनीचा जो कोपरा कुणालाच नको असेल, तिथे मुख्य आर्किटेक्ट, म्हणजे कचेरीचे साहेब, पेन्सिल टेकवायचे आणि म्हणायचे, "इथे टाका ती टॉयलेटं." टाका म्हणजे टाका, केर टाकतात तशी.

हे टाकण्याचं काम एका बाईंकडे होतं. बाईही शिकूनसवरून आर्किटेक्ट झालेल्या, हात सफाईदार, जीभ तिखट. बैठकीत बाकीची मंडळी कमानीला गुलाबी रंग द्यावा की बदामी यावर रंगात आलेली असताना या मधेच विचारायच्या, "मुलींना जायला कुठे आहे?" चहात पाल पडल्यासारखे चेहरे व्हायचे सगळ्यांचे. त्यावरून कचेरीने त्यांचं नाव मोरीबाई ठेवलं. आधी त्यांना राग आला. मग त्या स्वतःच फोनवर "मोरीबाई बोलतेय" म्हणायला लागल्या, तेव्हा चिडवणाऱ्यांची मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं.

नवं काम आलं की मोरीबाई आधी त्या संस्थेच्या जुन्या शाळेतला संडास बघायला जायच्या. मुख्याध्यापकांचा चहा नंतर. मधल्या सुट्टीत भिंतीपासून चार बोटं लांब उभ्या राहायच्या, कारण भिंतीला टेकायची सोय नसायची. दाराला कडी नाही, म्हणून एक मुलगी आत आणि दुसरी बाहेरून दार ओढून धरलेली. नळ आहे, तोटी नाही. बादली आहे, तिला भोक. फरशीवर जे साचलंय ते पाणी आहे अशी आपली आपण समजूत घालून घ्यायची. साडी सावरत, चपला उचलत घरी यावं, डोक्यावरून अंघोळ करावी, तरी पहिल्या घासाबरोबर तो वास परत यायचा. बाईंना किळस यायची ती घाणीची कमी आणि ती घाण रोज बघून न बघणाऱ्यांची जास्त. अशांच्या कमानी बघाव्यात तर नाकापेक्षा मोती जड.

बाईंना मूलबाळ नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी हाच काय तो जीव. एकदा बहीण म्हणाली, "ताई, हिला सकाळी बाटली भरून देते ना, ती संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. मी आपली कुंडीत ओतते." बहिणीच्या खिडकीतल्या कुंडीतलं झाड खरंच फोफावलं होतं. पोर मात्र वाळली होती.

"पाणी का पीत नाहीस गं?" बाईंनी विचारलं.

"मावशी, प्यायलं की जावं लागतं," पोरगी म्हणाली आणि गृहपाठात डोकं घातलं.

पुढच्याच महिन्यात ती तापाने फणफणली. लघवीचा संसर्ग. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेलं नाही तर हे पुन्हा होणार, आणि एक दिवस मूत्रपिंडावर जाणार. बहीण रडली. बाई रडल्या नाहीत.

आणि योग असा, की भाचीच्याच शाळेच्या नव्या इमारतीचं काम कचेरीत आलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे कमान काढली, केबिन काढली, आणि मैदानापलीकडच्या कुंपणाच्या कोपऱ्यात पेन्सिल टेकवली. बाई म्हणाल्या, "इमारतीत घेऊ या. जिन्याजवळ, उजेड-वारा येईल असं."

"दर्शनी भागात संडास? अहो, लोक तोंडात शेण घालतील."

"मग निदान बैठक तरी जुन्या शाळेत ठेवा," बाई म्हणाल्या. एवढं साहेबांनी ऐकलं.

बैठक झाली. मुख्याध्यापिकांनी चहा दिला, पुन्हा चहा दिला. अध्यक्ष बोलत सुटलेले. कमानीवर आले, कमानीवरून संस्थेच्या परंपरेवर गेले, आणि मग हळूहळू खुर्चीत चुळबुळायला लागले. शिक्षकांच्या टॉयलेटला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन शिपाई बाहेरच्या कामाला गेलेला. हे मात्र बाईंनी जमवलेलं नव्हतं, आपसूक जमलं. शेवटी अध्यक्ष उठले आणि मुलांच्या बाजूला गेले.

परत आले ते एका हाताने नाकाला रुमाल आणि दुसऱ्या हाताने पँट वर धरून. चेहरा पांढराफटक. बाईंच्या मनात आलं, चला, पोराबाळांचा बाप आहे, आता तरी कळलं असेल.

"भयंकर आहे," अध्यक्ष म्हणाले. "शिसारी आली हो. माणसाने जायचं कसं तिथे?"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या.

"नाही नाही, हे चालायचं नाही. लिहून घ्या. नव्या इमारतीत माझ्या केबिनला स्वतंत्र टॉयलेट पाहिजे. टाइल्स चांगल्या बघा."

"आणि मुलींचं?"

"ते आहे ना मैदानापलीकडे. त्यांना सवय असते."

मुख्याध्यापिकांनी मान डोलावली. साहेबांनी लिहून घेतलं. आयुष्यभरात बाईंनी जेवढे संडास पाहिले होते, त्यांतल्या एकाचाही वास त्यांच्या नाकात इतका बसला नाही जितकं ते वाक्य बसलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळलं, कळलंही, पण स्वतःच्या ढुंगणापुरतं. समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी समजावणं सोडलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, तेव्हा आता नाकच धरायचं, असं ठरवून त्या नकाशाला बसल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी अगदी गोड आवाजात मांडलं. "अध्यक्षसाहेब, तुमच्या टॉयलेटची ड्रेनेज लाइन मैदानापलीकडे न्यायची तर वाटेत कमान येते. पाया खोदावा लागेल."

"कमानीला हात लावायचा नाही."

"तेच. म्हणून मुलांमुलींची टॉयलेटंच इकडे आणली, तुमच्या भिंतीला लागून. मागे पाइपांसाठी एक उभा मोकळा बोळ. एकच लाइन, पाण्याचीही एकच टाकी. कमानीला धक्का नाही."

"वा," अध्यक्ष म्हणाले. "याला म्हणतात डोकं."

कचेरीत परतल्यावर साहेब बराच वेळ तो नकाशा न्याहाळत बसले. सहीसाठी पेन उघडलेलं, पण टेकत नव्हतं. "मोरीबाई, हा वारा कुठून कुठे चाललाय?"

"मुलींच्या खिडकीतून आत येतो, बोळातून जातो, अध्यक्षांच्या झरोक्यातून बाहेर पडतो."

"आणि नळाच्या ओळीत शेवटचा नळ?"

"त्यांचा."

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि सही ठोकली.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला कमानीचे फोटो निघाले. महिना उलटतो न उलटतो तोच अध्यक्षांचा फोन. "बाई, तुमच्या डिझाइनमध्ये घोळ आहे. मुलींच्या टॉयलेटचा वास थेट माझ्या केबिनमध्ये येतो. पाहुण्यांसमोर लाज जाते."

"सकाळ-दुपार धुतलं तर येणार नाही, साहेब."

"आणि माझ्या नळाला पाणी नसतं."

"टाकी पूर्ण भरा. आधी पाणी मुलींच्या नळांना जातं, मग तुमच्या."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. आठवड्याच्या आत धुण्यापुसण्याला माणसं लागली, टाकी काठोकाठ भरायला लागली. एवढ्या मुलींचा ताप कुणाला दिसला नाही आणि एका माणसाच्या नाकासाठी सगळी शाळा धुऊन निघाली, या विचाराने बाईंना जिंकूनही किळसच आली.

नंतर एका संध्याकाळी त्या बहिणीकडे बसल्या होत्या. पोरगी शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि खेळायला पळाली. बहिणीने सवयीने दप्तरातून बाटली काढली, झाकण उघडलं, बोलता बोलता कुंडीवर उलटी धरली. काही पडलं नाही. तिने बाटली हलवली. डोळ्याला लावून आत पाहिलं.

"ताई," ती म्हणाली, आणि रिकामी बाटली बाईंपुढे धरली.

मोरीबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि झाडासाठी तांब्याभर पाणी घेऊन आल्या.