चौथी ‘ब’चा खुलासा

सुवर्णाबाई आमच्या सातपूरच्या शाळेत चौथी ‘ब’ला शिकवतात, मी चौथी ‘अ’ला. नोकरी दोघांचीही बावीस वर्षांची. त्यांचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा आणि गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नाही. मला ते छान जमतं.

गेल्या जुलैत गणिताचं प्रशिक्षण लागलं. आम्ही प्रशिक्षणाला जातो ते सही, चहा आणि ग्रुप फोटोसाठी. उगाच खोटं कशाला बोलू? तिथे मयुरेश नावाच्या तरुण प्रशिक्षकाने फळ्यावर लिहिलं, ४१२ भागिले ४.

“बरीच मुलं उत्तर तेरा काढतात. एकशे तीन कसं, ते त्यांना काय सांगाल?”

“मध्ये शून्य द्यायचं, नियम आहे,” आम्ही चाळीस जण एका सुरात म्हणालो.

“पण का?”

सुवर्णाबाई उभ्या राहिल्या.

“मला माहीत नाही. बावीस वर्षं न समजताच शिकवतेय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी मला शिकवा.”

मला त्यांचा भयंकर राग आला. सगळ्यांची अब्रू काढली बाईंनी! त्या मात्र सतरंजीवर बसून मयुरेशने दिलेले काड्यांचे गठ्ठे वाटू लागल्या. शंभराचे चार गठ्ठे, चौघांना एकेक. दहाचा गठ्ठा एकच, तो चौघांना कसा पुरणार? म्हणून दशकाच्या जागी शून्य. मग तो गठ्ठा सोडला, दोन सुट्या काड्या त्यात मिळवल्या, प्रत्येकाला तीन आल्या.

“एवढंच होतं?” बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑगस्टमध्ये माहिती भरायची होती, भागाकार येणारी मुलं किती. मी डोळे झाकून छत्तीसपैकी छत्तीस लिहिलं. बाईंनी एकेका मुलाला समोर बसवून तपासलं आणि लिहिलं, चौतीसपैकी तेवीस.

मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर हादरले. “बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडा बदला, नाहीतर वरून नोटीस येईल.”

“येऊ द्या. मूठ आपली झाकते सर, पोरं पाचवीत उघडी पडतात.”

नोटीस आलीच. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर वेतनवाढ रोखू. त्या दिवशी मी कोणाला न सांगता माझ्या वर्गाला तेच गणित घातलं.

बाईंनी खुलासा लिहिला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर खणखणीत वाचला. “अकरा मुलांना भागाकार येत नाही. दोष मुलांचा नाही. मला तो जुलैत समजला, त्यांना दिवाळीपर्यंत समजेल. एक प्रशिक्षण पुरत नाही, दर महिन्याला द्या. कोणीही येऊन माझ्या वर्गात मागे बसावं, चुकले तर सांगावं. आकडा बदलणार नाही.”

मी बाईंकडे पेन मागितलं आणि त्यांच्या सहीखाली लिहिलं, “चौथी ‘अ’, छत्तीसपैकी चौदा. आधीचा आकडा खोटा होता.” आणि सही केली.