आमचं सेहेचाळीस आलंय

तासाभरापूर्वी घरी आलेय, पण एका जागी बसवत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर तिरुवल्लिकेणी भागातल्या एका शाळेत सातवीच्या मुलींकडून विज्ञानाचे प्रयोग करून घेते. आज लंबक होता. एक मीटर दोरीला दगड बांधायचा आणि वीस झोक्यांना किती वेळ लागतो ते बघायचं. उत्तर साधारण चाळीस सेकंद.

मुलींचं सेहेचाळीस आलं. मी सवयीने म्हणाले, "चाळीस लिहा."

देवकी पेन उचलेना. "अक्का, आमचं सेहेचाळीस आलंय. चाळीस कसं लिहू?"

पुन्हा मोजलं, पुन्हा सेहेचाळीस. मग तिने पट्टी घेतली आणि दोरीच मोजली. एक मीटर आणि वर तीस सेंटीमीटर! ती दोरी घाईघाईत, अंदाजाने, मीच घरून कापून नेली होती.

आणि मी "चाळीस लिहा" म्हणून मोकळी झाले होते. कारण कॉलेजात आम्ही हेच करतो. उत्तर आधी ठरवतो, रीडिंग मागून भरतो. सरांनाही माहीत असतं.

तिथे शिकवायला का जाता, असं कॉलेजच्या फॉर्मवर विचारलंय. मी "समाजासाठी" लिहिलं होतं. मघाशी खोडलं. तीन वर्षांत खरा प्रयोग मी फक्त त्या वर्गात पाहिलाय.

उद्या लॅबचं रेकॉर्ड द्यायचंय. देवकीला दाखवता येईल असं त्यात एकही पान नाही.

तुमच्या रेकॉर्डमध्ये आहे?