हात वर दिसला की

माझ्या मामाला पुलाच्या कामावर सगळे 'आलोच' म्हणायचे. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं होतं.

मामाकडची माणसं त्या नदीकाठची मूळची. पिढ्यान् पिढ्या लोकांना पार न्यायला नाव चालवायची. पलीकडे कुणी उघडा तळहात वर केला, की त्याचा अर्थ एकच: मला न्यायला ये. मामा जेवणावरून उठून "आलोच" अशी हाळी द्यायचा आणि वल्हं उचलायचा. मामी म्हणायची, "माझ्या हाकेला कधी इतक्या तातडीनं उठला नाहीत."

मग पूल मंजूर झाला. आता नाव काठावर पडून राहणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमची माणसं अडून बसली आणि एक गोष्ट कबूल करून घेतली: नावेवरच्या प्रत्येक घरातल्या एकाला कामावर नीट शिकवायचं, नुसती घमेली वाहायला लावायची नाहीत. मामाच्या वाट्याला क्रेन आली.

पहिल्या चाचणीला शिकवणारा उस्ताद समोर उभा राहिला. लोखंडी गर्डर हवेत लटकत होता. तो जवळ येताच उस्तादाने तळहात वर केला. क्रेनवाल्यांच्या खुणांत त्याचा अर्थ 'थांब'. खुणा मामाला तोंडपाठ होत्या, पण हात दिसला आणि जुनी सवय उसळली. "आलोच" म्हणत त्याने गर्डर थेट उस्तादाकडे नेला. उस्ताद वाळूच्या ढिगात पालथा.

"अजून एक संधी देतो," तो दाढीतली वाळू झटकत म्हणाला. "पुन्हा असं केलंस तर घमेली उचलायची."

घरी मामीने कंबर कसली. मामा जेवायला बसला की ती दारात हात वर करून उभी राहायची. तो जरा हलला, की ताट मागे. बिचारा अर्धपोटी राहायचा आणि आम्ही भाचरं हसून लोटपोट व्हायचो. शेवटी हात दिसला तरी तो ढिम्म बसू लागला. दुसऱ्या चाचणीत पास झाला.

काम ऐन भरात असताना एका दुपारी मामाची आई, म्हणजे माझी आजी, बहिणीकडून परतली. पलीकडच्या काठावर उभं राहून तिने नेहमीसारखा हात वर केला. थांबण्याची खूण कुणीही केली तरी थांबायचं, हा कामावरचा नियम. मामाने केबिनमधून पाहिलं आणि क्रेन जागच्या जागी थांबवली. आजी दुसऱ्याच्या नावेतून आली.

"मला बघितलंस," ती म्हणाली, "आणि आला नाहीस."

"आई, मी थांबलो होतो."

त्या नोकरीने आमच्या सगळ्या घराला तारलं, हे मी विसरत नाही. तरी नावेतला मामा आठवला की अजून जीव तुटतो. आजीने त्यानंतर कधी हात वर केला नाही. पूल झाल्यावर ती चालतच यायची, आणि सुट्टी असली की मामा आधीच पलीकडच्या टोकाला जाऊन उभा असायचा.