गारगोटीचा ओटा

सिंदी मेघेच्या आमच्या घरातला ओटा काळ्या कडप्प्याचा होता. सव्वीस वर्षं मी त्याच्यासमोर उभी राहिले, म्हणजे उभं राहण्याचा प्रयत्न केला. कारण कणीक मळायला घेतली की मागून सासूबाईंचा कोपर यायचा आणि कोपरापाठोपाठ दोन शब्द, "सरक तिकडं." लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मला हेच दोन शब्द आशीर्वाद म्हणून मिळाले, आणि आमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी ते चालूच होते. सकाळचा पहिला चहा आणि दोन्ही वेळच्या भाकरी ही त्यांची जहागीर. शाळेत मी पर्यवेक्षिका झाले, पण ओट्यावर मला बढती काही मिळाली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. सासूबाईंनी घरी आल्यावर एवढंच विचारलं, "म्हणजे चहा करता येईन का नाई?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा राहूनच गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा करून पाहिला, जमला, आणि विषय संपला. वेळेवर डोळ्यांत थेंब घालायचे आणि वेळेवर मला सरकवायचं, असं आमचं बरं चाललं होतं.

मग आमचे हे निवृत्त झाले.

नोकरीतल्या माणसाला घर दिसत नाही आणि निवृत्त माणसाला घराशिवाय काही दिसत नाही. यांना एके दिवशी ओटा दिसला. त्याच्यावरचा चहा इतकी वर्षं प्यायले, पण तो काळा आहे हे त्यांना आता कळलं. "किचन किती डल वाटते," म्हणाले. मग दिवसभर मोबाईलवर पांढऱ्याशुभ्र ओट्यांची रीलं सुरू झाली. त्या स्वयंपाकघरांत कढई नव्हती, तेलाची बरणी नव्हती, बाईमाणूस तर नव्हतंच. सगळीकडे एका वाडग्यात चार हिरवी सफरचंदं. "हे लोक सफरचंदावरच जगतात का हो?" मी विचारलं. त्यांनी ऐकलं नाही, कारण तेव्हा ते क्वार्टझाइट हा शब्द पाठ करत होते. क्वार्ट्झचा ओटा वेगळा आणि क्वार्टझाइटचा वेगळा; पहिला कारखान्यात बनतो, दुसरा धरतीच्या पोटात. हे ज्ञान त्यांनी आधी मला दिलं, मग शेजाऱ्यांना, मग दूधवाल्याला. दूधवाला अर्धा लिटर घालून लवकर निघून जायला लागला.

मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड होईल. त्यावर त्यांनी हुकमाचा पत्ता काढला. "आईसाठीच त करून राह्यलो. पांढऱ्यावर उजेड पडते. तिले चांगलं दिसन."

आईचं नाव निघालं आणि मी हो म्हटलं. आईंना विचारावं हे मात्र कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, हे इथेच कबूल करते.

एका रविवारी आम्ही तिघं निघालो. आधी केळझरला जाऊन गणपतीला हात जोडले, कारण दगड निवडणं हे मुलगी देण्याइतकंच जोखमीचं काम आहे असं यांचं मत झालं होतं. परत येताना नागपूर रोडवरच्या एका मार्बलवाल्याकडे थांबलो. मोठ्या शेडमध्ये दगडाच्या लाद्या, भिंतीला टेकवलेल्या खाटांसारख्या उभ्या होत्या. दुकानदारानं यांच्या तोंडून "क्वार्टझाइट" ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. गिऱ्हाईक शिकून आलं की दुकानदाराचं निम्मं काम होतं.

त्यानं दोन पांढरे दगड दाखवले. एक नितळ, दुधात राखेची बोटं फिरवल्यासारखा. "सॉफ्ट क्वार्टझाइट आहे साहेब, ब्राझीलचा माल. ऐसा पीस दुबारा नहीं मिलेगा." दुसरा साधा, जरा पिवळसर झाक मारणारा. आमचे हे अर्थातच ब्राझीलवर भाळले. मीही भाळले, खोटं कशाला बोलू.

सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, म्हणाल्या, "मले पाहू द्या." पाहणं म्हणजे आता हातानं. त्यांनी दोन्ही लाद्यांवरून तळवा फिरवला. मग खाली वाकल्या आणि चाचपडत ब्राझीलच्या लादीखाली पडलेले दोन तुकडे उचलले. एकावर एक जोरात घासले आणि चक्क नाकाला लावले. दुकानदार हसला. हे म्हणाले, "आई, काय करून राह्यली? लोक पाहतात." त्यांनी ते तुकडे टाकून दिले आणि दुसऱ्या दगडाचे उचलून घासले. वास घेतला. मग माझ्या नाकाखाली धरले. फटाका विझल्यावर येतो तसा जळका वास येत होता.

"हे गारगोटी होय," त्या म्हणाल्या. "थो दुसरा कायचा होय देव जाणे, गारगोटी नाई."

त्यांचं माहेर सेलूकडचं. लहानपणी वावरातल्या पांढऱ्या गारगोट्या वेचून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, फेकायचं काम पोरींकडे असायचं. त्यातल्याच दोन घरी आणून, गोधडीत डोकं खुपसून घासायच्या. ठिणगी दिसायची आणि हाच वास यायचा. ब्राझीलपासून धरतीच्या पोटापर्यंत आम्ही ज्याचं कौतुक केलं, त्या क्वार्टझाइटची ही बालमैत्रीण निघाली.

दुकानदार म्हणाला, "माताजी, यह सब पुरानी बातें हैं." तेवढ्यात मागे दगड कापणारा कारागीर मशीन थांबवून बोलला, "बरोबर सांगून राह्यली माय. त्या नरम मालात ब्लेड लोण्यात गेल्यासारखं जाते. ह्या दगडानं ब्लेड खाल्ले आमचे." तो नितळ दगड म्हणजे नाव बदललेला संगमरवर होता. त्याच्यावर लिंबाचे चार थेंब पडले असते तर चट्टेच उठले असते. दुकानदाराला त्याच क्षणी कुणाचा तरी महत्त्वाचा फोन आला.

दुसरा दगड ठरला. सासूबाई इतक्या खुश मी कधी पाहिल्या नव्हत्या. फक्त निघताना त्यांनी एकदा विचारलं, "पांढराच घेता का?"

"हो मग! तुह्याचसाठी तं," हे म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांत कडप्पा फुटला आणि स्वयंपाकघरात, शिवाय बाथरूमच्या बेसिनखालीही, गारगोटी विराजमान झाली. येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत, "आईनं वासावरून निवडला!" त्याचबरोबर कायदेही आले. हळदीचा हात लावायचा नाही. लिंबू ताटलीत कापायचं. गरम कढई लाकडाच्या पाटावर. हे स्वतः फडकं घेऊन आमच्या मागे उभे. ओट्यावर आम्ही स्वयंपाक करतो याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असे.

एका सकाळी बाथरूममधून सासूबाईंचा आवाज आला, "साबण कोणं नेला वं?" साबण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, पांढऱ्यावर पांढरा. आम्ही दोघं हसलो. हसलो, हेच आठवतं.

मग त्यांनी सकाळचा चहा करणं सोडलं. "मले सोसत नाई आता," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात भाकरीही सोडल्या. "तुह्या हातची बरी लागते." सव्वीस वर्षांत ज्या बाईनं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचं सोडलं नव्हतं तिनं हे म्हटल्यावर मला शंका यायला हवी होती. शंका कसली, मी बहिणीला फोन करून सांगितलं, "राज्य आलं एकदाचं." ओट्यावर ऐसपैस उभी राहायला लागले. मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली. मागच्या अंगणात नळाजवळ, जुन्या ओट्याचा एक धड तुकडा कपडे धुण्यासाठी ठेवला होता. सासूबाई त्याच्यापाशी बसल्या होत्या. समोर काळ्या कडप्प्यावर पांढरा कप, हातात चहाचं पातेलं. त्या कपात ओतत होत्या, कप पातेल्यात रिकामा करत होत्या, पुन्हा ओतत होत्या. नुसतं पाणी होतं. काळ्या दगडावर एक थेंब नव्हता.

माझी चाहूल लागली तशा ओशाळल्या. "पाहून राह्यली होती, हात गेले का डोळे. हात शाबूत हायेत."

"आई, म्हणजे ओट्यावर..."

"ओटा पांढरा, कप पांढरा, दूध पांढरं, पीठ पांढरं. कड कुठी सरते समजत नाई, बाई. दोनदा दूध खालीच ओतलं म्या. तुमी उठाच्या आंधी पुसून टाकलं."

"मग सांगितलं काऊन नाई?" त्यांच्या बोलीत मी कधी बोलत नाही, पण तेव्हा तेच आलं तोंडात.

"त्यानं माह्यासाठी आणला म्हणे," त्या म्हणाल्या. "अन् निवडला बी म्याच. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मला रडू आलं. त्याहून जास्त लाज वाटली. ज्या राज्याचा मी फोनवरून जाहीरनामा काढला होता, ते एका बाईच्या डोळ्यांवर उभं होतं.

संध्याकाळी यांना सांगितलं. ते उठले, अंगणातला तो कडप्पा घासून धुतला, आणि आम्ही दोघांनी धरून तो आत आणला. जो माणूस लिंबाची फोड पडली तरी कळवळायचा, त्यानं काळा जड दगड आपल्या हातानं त्या गारगोटीवर, गॅसच्या बाजूला, ठेवला. खाली फडकंसुद्धा घातलं नाही. मग वायरिंगची काळी चिकटपट्टी घेऊन ओट्याच्या कडेनं लावत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तशीच बेसिनभोवती. पट्टी वाकडी लागली होती. रीलमधल्या एकाही स्वयंपाकघराला अशी किनार नाही. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "चिकटपट्टीचा आवाज होय का थो?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "हो आई," आणि तोंड ओट्याकडेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्याची कणीक मळत होते. मागून कोपर आला.

"सरक तिकडं."

मी सरकले.