आत्याची फुगडी

मंडळी, हे मी टाइप केलेलं नाही, फोनला बोलून दाखवलंय. चुका पोटात घाला.

आज सकाळी सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, "आजी, उजवा डोळा गेलाय. डावाही फार दिवस साथ देणार नाही." नव्वदीला टेकलेय, पण अंधाराची भीती लहान पोरीसारखी वाटली.

मग आत्या आठवली. स्वातंत्र्याच्या आधी आटपाडीजवळच्या आमच्या गावात देवीची साथ आली होती. त्यात आत्याचं तान्हं मूल गेलं, तिचे दोन्ही डोळे गेले आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची.

एका नागपंचमीला बायका फुगड्या खेळत होत्या. पडेल म्हणून तिला कुणी बोलावलं नाही. तिनं मलाच हाक मारली. मी नुसती तिची बोटं धरली.

"भितीस कशाला गं? घट धर. पडलो तर दोघी पडू."

आम्ही गरगर फिरलो आणि आत्या खदखदून हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आज दुपारी मी डोळे मिटून चहा केला. निम्मा ओट्यावर सांडला. सूनबाई घोट घेऊन म्हणाली, "आई, साखर ऱ्हायली की!" दोघी हसलो.

नजर गेल्यावर तुमच्यापैकी कुणी आपलंच घर नव्यानं शिकलंय का? सुरुवात कशानं केलीत? लिहा. सून वाचून दाखवेल.