झुकतं माप

देवाने मला फसवलं आणि माझ्या धाकट्या बहिणीला, रूथला, झुकतं माप दिलं. आज मुलुंडच्या घरी सुनेने तांदळाची पेज केली आणि त्या वासाने वीस वर्षांपूर्वीची एक दुपार समोर आली.

रूथच्या घशाला कॅन्सर होता. मी पेज भरवायला बसलो, तर ती हात जोडून, डोळे मिटून देवाचे उपकार मानू लागली. पेज निवली तरी तिचे उपकार संपेनात.

"दोन चमच्यांसाठी एवढं?" मी ओरडलो. "त्याला म्हटलं, हिला बरी कर, चर्चला माझ्या दुकानातली नवी फरशी घालतो. ऐकतच नाही!"

ती घोगरं हसली. "दादा, तो काय तुझं गिऱ्हाईक आहे? अरे, काल एकच चमचा उतरला होता."

तिच्या चेहऱ्यावरच्या त्या समाधानाचा मला हेवा वाटला. मरणाऱ्या बहिणीचा हेवा! अजून वाटतो. शून्यातून धंदा उभा केला, पण घास तसा गोड कधी लागला नाही.

आज पेजेपुढे मीही हात जोडले. प्रभू, तिला दिलंस ते मला का नाही? पेज निवू दे, उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नाही.