सोमवारच्या रकान्यातला आकडा

उचगावहून शमशादच्या सुनेचा फोन आला. "मावशी, अम्मी गेल्या," एवढंच बोलली ती... रडू आलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं, की आता त्या सोमवारचं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. म्हणजे सुटल्यासारखं वाटलं हो मला. त्याची लाज महिना झाला तरी जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ऐंशीच्या आगेमागे विद्यापीठात पर्यावरण हा विषय नवाच होता. मी कोडोलीच्या शेतकऱ्याची पोर, शमशाद उचगावच्या टेलरची. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळं डबा एक, सायकल एक आणि प्रकल्पही एकच. दर सोमवारी एका बंधाऱ्याजवळचं नदीचं पाणी तपासायचं. वरच्या अंगाला साखर कारखाना होता, त्याची मळी नदीत यायची आणि मासे उलटे होऊन तरंगायचे. कारखान्याचं नि गावाचं नाव लिहीत नाही. गावचे लोक अर्ज करून दमले होते, त्यांना पुरावा हवा होता, आणि पाण्यात प्राणवायू किती उरलाय हे आमची वही सांगणार होती. शमशाद गुडघाभर पाण्यात उतरून बाटली आतच भरायची, आतच बूच लावायची. "एक बुडबुडा ऱ्हायला तर सगळं खोटं हाय बघ," म्हणायची. मी काठावरनं चिडवायचे, "लगीन ठरलं की नवऱ्यालाबी असाच तपासून घे." "घेतो की. आदी तू खाली ये, वास घे जरा, म्हणजे जीभ आवरंल."

एका सोमवारी ती तापानं फणफणली. तू जा, पण चुकवू नको, असा निरोप आला. नेमके त्याच दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. मी गेलेच नाही. संध्याकाळी मागच्या दोन सोमवारांच्या मधला एक आकडा वहीत लिहून टाकला, इतका बेमालूम की मलाच खरा वाटायला लागला. तिला उद्या सांगू म्हटलं... ते राहूनच गेलं.

पुढं गावच्या शाळेत बैठक झाली. आमचे सर, गावकरी, कारखान्याचे केमिस्ट, सगळे होते. शमशादनं ठणठणीत आवाजात आकडे वाचले. केमिस्टनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, या सोमवारी बंधाऱ्याच्या फळ्या काढून पाणी सोडून दिलं होतं. इथं पाणीच नव्हतं, मग बाटली कशात बुडवली?" मागनं एक म्हातारा बोलला, "व्हय की, आमी चालत पलीकडं गेलतो त्या दिवशी." हशा झाला. शमशादनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी ओढणीचं टोक बघत बसले. मग तीच म्हणाली, "चूक माझी हाय."

सगळी वही बाद झाली. सरांनी प्रकल्प काढून घेतला, गावचा अर्ज मागं पडला, मळी येत राहिली. परतताना ती सायकल हातात धरून चालत होती. "गेली न्हवतीस न्हवं?" "न्हाय." "तितंच बोलली असतीस तर एकच आकडा खोडला असता गं." थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या सरांकडं जाशील?" जाते म्हटलं. गेले नाही.

परीक्षेलाही मी बसले नाही. पुढचं शिकले ते पुस्तकं आणून, माझं मीच. ती शाळेत शिकवायला लागली. दर ईदला शीरखुर्मा न चुकता यायचा, पण त्या सोमवारचं तिनं कधी काढलं नाही, आणि मी ते काढू दिलं नाही.

परवा उचगावला गेले. तिच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं ठेवून रोजचा आकडा ती कॅलेंडरवर लिहायची, हे मला माहीतच नव्हतं. मधेमधे काही चौकटींत तिच्याच अक्षरात 'बघितला नाही' असं लिहिलेलं. सून म्हणाली, "बाहेरगावी गेल्या की परत येऊन तसंच लिवायच्या. मी म्हटलं, शेजारच्यांना विचारून लिवा की अंदाजानं. तर किती बोलल्या मला." शेवटचे दिवस ती दवाखान्यात होती. त्या दिवसांच्या चौकटींत सुनेनं स्वतःच्या अक्षरात तेच दोन शब्द लिहिलेत, ओळीनं.

त्या गावातलं कुणी हे वाचत असेल तर सांगते. त्या सोमवारी मी नदीवर गेले नव्हते. तो आकडा माझा. बाकीचे सगळे सोमवार खरे होते.